पोटात असताना बसलेली भीती

पाटण तालुक्यातून आलेले एक पत्र गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई साठीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या आई ऐंशीच्या घरात असून आईची सगळी सेवा त्या एकट्याच करतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आईंना पाचवा महिना होता. घराची मागची भिंत पडली. पुढे कित्येक आठवडे घरचे सगळे शेतात खोप करून राहिले, कारण जमीन अधूनमधून हलतच होती. उन्हाळ्यात मुलगी झाली, ती म्हणजे या पत्रलेखिका. लहानपणापासून त्यांचा जीव धास्तावलेला. कुकरची शिट्टी, वाऱ्याने आपटलेले दार, रात्री अवेळी वाजलेला फोन, एवढ्यानेही छातीत धडधडते. तसे झाले की आई कपाळाला हात लावून म्हणतात, "माझ्या पोटात असतानाच भ्यालीस तू. मी भ्याले नसते तर तू अशी झाली नसतीस."

हे वाक्य त्या गेली पन्नास वर्षे ऐकत आहेत. आता त्याला नवे निमित्त मिळाले आहे. पत्रलेखिकांच्या लेकीला पुण्यात सातवा महिना लागला आहे आणि ऐन त्याच वेळी जावयांची नोकरी गेली आहे. आजी रोज संध्याकाळी फोन करतात आणि नातीला बजावतात, "भिऊ नको, पोरावर परिणाम होतो." फोन ठेवल्यावर नात रडते. बाईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. आई म्हणते त्यात तथ्य आहे का? आणि आईला गप्प करू, की लेकीला सांभाळू?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून थोडे मागे जाऊ.

१९५७ साली विल्यम थॉम्प्सन या मानसशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या काही माद्यांना त्याने आधी शिकवले की गजर वाजला म्हणजे विजेचा झटका बसतो, परंतु दारातून पलीकडे पळाले की सुटका होते. त्या गाभण राहिल्यावर तो रोज गजर वाजवी. झटका मात्र एकदाही दिला नाही, फक्त सुटकेचे दार बंद ठेवले. शरीराला इजा काहीच नाही, पण भीती रोजची आणि पळायला वाट नाही. या माद्यांची पिल्ले पुढे मोकळ्या जागेत सोडली असता इतर पिल्लांपेक्षा कमी हिंडत, आणि पिंजऱ्याबाहेर पडायलाही अधिक वेळ लावत. भित्र्या आईजवळ वाढल्यामुळे ती भित्री झाली, असा आक्षेप येऊ नये म्हणून काही पिल्ले जन्मतःच दुसऱ्या माद्यांच्या कुशीत दिली होती. तरीही फरक उरलाच. प्रयोग लहान होता आणि त्यात उणिवाही होत्या, पण आई म्हणतात त्या गोष्टीला प्रयोगशाळेत प्रथम आकार आला तो असा.

भीती आईच्या मेंदूतून गर्भापर्यंत पोहोचते कशी? आपल्याकडे हा प्रश्न निघाला की अभिमन्यूची आठवण हमखास होते. परंतु येथे गर्भ काही ऐकत नाही. पाचव्या महिन्यात त्याच्या कानांची घडण पूर्ण झालेली नसते, आणि शब्दांचा अर्थ तर त्याला कळूच शकत नाही. निरोप जातो तो रक्तातून. आपण घाबरलो की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. कॉर्टिसॉल शत्रू नव्हे. सकाळी आपल्याला अंथरुणातून उठवते तेही तेच. गरोदरपणाच्या शेवटी शेवटी आईच्या रक्तातले त्याचे प्रमाण एरवीच्या दुपटीहूनही अधिक असते, कारण बाळाची फुप्फुसे पिकायला ते लागते. ते वेळेआधी आणि वाजवीपेक्षा जास्त गर्भापर्यंत जाऊ नये याची व्यवस्था वारेत असते. वारेतला एक विकर आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करून टाकतो. एखादी जाणती स्त्री पाहुण्यांची गर्दी ओसरीवरच थोपवून धरते आणि माजघरात मोजकीच माणसे सोडते, तसे हे आहे. लंडनमधील व्हिवेट ग्लोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की ज्या गर्भवतींची चिंता जास्त होती, त्यांच्या वारेत हा विकर कमी होता. म्हणजे गर्दी वाढते, त्याच वेळी ओसरीवरची पकड सैल होते.

आत गेलेले कॉर्टिसॉल मेंदूच्या कोणत्या भागाला स्पर्श करते, याविषयी बराच अभ्यास झाला आहे तो अमिग्डलाचा. बदामाएवढा हा भाग धोक्याची चाहूल घेण्याचे काम करतो. क्लॉडिया बुस यांच्या अभ्यासात, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काळात ज्या मातांचे कॉर्टिसॉल जास्त होते, त्यांच्या मुलींचा उजवा अमिग्डला सातव्या वर्षाच्या सुमारास किंचित मोठा आढळला आणि त्या मुलींत भावनिक तक्रारीही अधिक होत्या. मुलग्यांत तसे दिसले नाही. असे का, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

मला मात्र त्याहून अधिक बोलका वाटतो तो नेदरलँड्समधील टिलबर्गचा अभ्यास. नऊ-दहा महिन्यांच्या बाळांच्या डोक्यावर विद्युत्आलेखाची टोपी बसवून त्यांना आवाज ऐकवले. एकच आवाज पुन्हा पुन्हा, मध्येच एखादा वेगळा. एरवी तोच तोच आवाज आला की मेंदू त्याला सरावतो. घरातल्या पंख्याची घरघर आपल्याला ऐकू येईनाशी होते, तसेच हे. ज्या मातांनी गरोदरपणी जास्त चिंता नोंदवली होती, त्यांच्या बाळांचा मेंदू या नेहमीच्याच आवाजाकडे अधिक लक्ष पुरवत होता. ज्या माता त्या काळात मन वर्तमानात स्थिर ठेवू शकत होत्या, त्यांच्या बाळांत याच्या उलट दिसले. पाटणच्या बाईंची कुकरची शिट्टी मला येथे आठवली. चाळीस वर्षे रोज ऐकलेली शिट्टी, आणि तरीही मेंदू तिला 'नेहमीचीच आहे, जाऊ दे' म्हणत नाही.

येथवर वाचून पत्रलेखिका म्हणतील, म्हणजे आईचे खरेच! थांबा. आता दुसरी बाजू.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास प्रसूत झालेल्या चौदा हजारांहून अधिक गर्भवतींची नोंद घेऊन त्यांच्या मुलांचा पाठपुरावा गेली तीन दशके चालू आहे. या अभ्यासात, गरोदरपणी सर्वाधिक चिंताग्रस्त असलेल्या पंधरा टक्के मातांच्या मुलांत तेराव्या वर्षापर्यंत मानसिक विकाराची शक्यता जवळपास दुप्पट आढळली. 'दुप्पट' हा शब्द वर्तमानपत्रात मथळ्याला शोभतो. घरात बसून त्याचा अर्थ लावायचा, तर प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून बारा टक्क्यांच्या आसपास गेले, असा तो आहे. म्हणजे अतिशय चिंताग्रस्त मातांच्याही शंभरातील अठ्ठ्याऐंशीच्या आसपास मुलांत असा विकार दिसला नाही. हे वाक्य मी आईंना मोठ्याने वाचून दाखवायला सांगेन.

शिवाय चिंतातुर आईचे मूल चिंतातुर निघाले, तर त्यात गर्भाशयाचा वाटा किती, रक्ताच्या वारशाचा किती आणि नंतरच्या संगोपनाचा किती? हे वेगळे करण्यासाठी कार्डिफच्या संशोधकांनी एक युक्ती योजली. कृत्रिम गर्भधारणेने झालेल्या मुलांपैकी काही दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून झालेली असतात. गर्भाशय आईचे, जनुके तिची नव्हेत. अशा मुलांची तुलना करता असे दिसले की मुलांच्या चिंतेचा संबंध गरोदरपणातल्या ताणापेक्षा आईच्या सध्याच्या चिंतेशी आणि खिन्नतेशी अधिक होता. या निष्कर्षाने अनेक उत्साही लेखांवर पाणी पडले, पण तो नजरेआड करता येणार नाही. आणि याच्याही पलीकडे, अमेरिकेतील जेनेट डिपिएट्रो यांना निरोगी गर्भवतींच्या सौम्य ते मध्यम ताणाचा संबंध दोन वर्षांच्या मुलांच्या किंचित चांगल्याच विकासाशी असल्याचे आढळले होते. घरातली बाचाबाची, कामाची धावपळ, एखाद्या रात्रीची उडालेली झोप, यांनी बाळ बिघडत नाही. ही भीती आधी मनातून काढून टाकावी.

वारसा आणि ताण यांची गुंतागुंत सोडवायला आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे नैसर्गिक आपत्ती. ती माणसाचा स्वभाव पाहून कोसळत नाही. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात गोठणारा पाऊस पडला. विजेच्या तारांवर बर्फाचे जाड थर साचून खांब कोसळले आणि सुमारे तीस लाख माणसे ऐन थंडीत अंधारात गेली. काहींच्या घरी दिवे यायला महिन्याहून अधिक काळ लागला. मॉन्ट्रियलच्या सुझन किंग यांनी तेव्हा गरोदर असलेल्या स्त्रियांना गाठले, आणि एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी ताणाचे वेगवेगळे भाग पाडले. प्रत्यक्षात काय सोसावे लागले, म्हणजे किती दिवस वीज नव्हती, घर सोडावे लागले का, नुकसान किती झाले, हा एक भाग. आणि त्या प्रसंगाने मन किती हादरले, हा दुसरा.

या मुलांच्या वाढीवर, बोलण्यावर आणि वागण्यावर पुढे अनेक वर्षे निबंध आले. त्यांतील एक गोष्ट आजच्या पत्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुले तेरा वर्षांची झाल्यावर त्यांतील काहींच्या रक्तपेशींमधील जनुकांवरच्या रासायनिक खुणा तपासल्या. या खुणांनी जनुक बदलत नाही, पण ते किती जागे राहावे हे ठरायला मदत होते. या खुणांचा संबंध आईला प्रत्यक्ष किती हाल सोसावे लागले याच्याशी आढळला. ती मनातून किती घाबरली होती, याच्याशी नाही. अभ्यास लहान गटावरचा आहे आणि दुसऱ्या काही परिणामांत मनाच्या हादऱ्याचाही वाटा दिसतो. तरी एवढे म्हणता येते की 'मी भ्याले म्हणून झाले' हे आईंचे गणित इतके सरळ नाही. पाचव्या महिन्यात भिंत पडलेली, उघड्यावर रात्री, डिसेंबरची थंडी, वेळीअवेळी मिळालेले अन्न, ही सगळी परिस्थिती होती. ती आईंनी निर्माण केली नव्हती. त्या भ्याल्या नसत्या तरी रात्री उघड्यावरच गेल्या असत्या.

वृद्ध वाचकांना हे सारे मुलांचे वाटेल, म्हणून आणखी एका गटाविषयी थोडेसे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. मोठ्या माणसाचा दिवसाचा शिधा हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात अॅम्स्टरडॅमच्या एका रुग्णालयात जन्मलेल्या मुलांचा शोध घेतला गेला, आणि ती मुले आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. गर्भावस्थेच्या आरंभी उपासमार सोसलेल्या पुरुषांत उतारवयात चिंता आणि खिन्नतेच्या तक्रारी अधिक आढळल्या, आणि सदुसष्ट-अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या मेंदूचा आकारही काहीसा लहान दिसला. भूक, थंडी आणि युद्धाची दहशत येथे एकत्र होती, त्यामुळे दोष कोणा एकीला देता येत नाही. पण जन्मापूर्वीच्या काळाची सावली एवढी लांब पडू शकते, हे या गटाने दाखवले.

आता पाटणकडे वळू. पत्रलेखिकांच्या बाबतीत कोणता वाटा किती, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. भूकंप त्यांच्या जन्माआधी झाला हे खरे, पण कोयनेच्या परिसरात पुढेही वर्षानुवर्षे धक्के बसत राहिले. म्हणजे पोटात असतानाची भीती आणि पाळण्यातली, अंगणातली, शाळेतली भीती यांच्यात रेघ ओढायची कुठे? शिवाय दर धक्क्याला आईचा चेहरा पांढराफटक पडलेला त्या मुलीने पाहिला असणारच. चिंता कदाचित आईकडून आली असेल, कदाचित मातीकडून. पण उपचारासाठी तिचे मूळ सापडण्याची गरज नसते.

आणि उपचार साठाव्या वर्षीही होतो. आपल्याकडे चिंतेला 'स्वभाव' म्हणून सोडून देण्याची वाईट खोड आहे. छातीतली धडधड आधी नीट तपासून घ्यावी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, हृदयाच्या ठोक्यांची लय पाहावी. दम्याच्या आणि सर्दीच्या काही औषधांनीही धडधड वाढते, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी. त्यात काही सापडले नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. चिंताविकारावर बोलण्याचे उपचार आणि औषधे, दोन्ही उपयोगी पडतात. जो मेंदू आवाजाला सरावत नाही, त्याला टप्प्याटप्प्याने सरावायला शिकवता येते. मात्र शेजारणीने दिलेली झोपेची गोळी रोज घेण्याची सवय लावून घेऊ नये. या वयात तिने तोल जातो, माणूस पडतो आणि स्मरणही मंदावते.

आईंविषयी एक शंका मनात येते. हे वाक्य त्या पन्नास वर्षे म्हणतात, ते ठीक. पण अलीकडे ते दिवसातून अनेकदा येऊ लागले असेल, जेवण कमी झाले असेल, किंवा तीच हकिकत सांगितल्याचे त्यांना थोड्या वेळाने आठवत नसेल, तर तपासणी करून घ्या. म्हातारपणातली खिन्नता पुष्कळदा जुन्या अपराधाचे रूप घेऊन बोलते, आणि विस्मरणाची सुरुवातही अशीच होऊ शकते.

राहिली नात. तिला 'भिऊ नको' असे सांगणे म्हणजे तिच्या भीतीवर आणखी एका भीतीचा बोजा ठेवणे. नोकरी गेली आहे हे खरे, आणि वर आता घाबरण्याचीही चोरी. गर्भवतीने सदैव प्रसन्न राहिलेच पाहिजे, अमुक ऐकले आणि तमुक पाहिलेच पाहिजे, असे बजावणारे जे वर्ग हल्ली गल्लोगल्ली पैसे घेऊन चालतात, त्यांचाही माझ्या मते हाच दोष आहे. त्यांत सगळा भार एकट्या बाईवर टाकतात आणि घराला मोकळे सोडतात. थॉम्प्सनच्या प्रयोगात गजर वाजतच होता. पिल्लांवर परिणाम झाला तो पळायचे दार बंद असताना. नातीच्या घरचे दार कोण उघडू शकते, ते पाहा. सोनोग्राफीला कोणी सोबत जाते का? प्रसूतीच्या खर्चाची तरतूद कोणी स्पष्ट शब्दांत सांगितली आहे का? घरभाड्याचे दोन महिने कोणी उचलू शकेल का? रात्री सलग झोप मिळते का? यांतील एकेक काम एकेका माणसाने अंगावर घेतले, तर ते शंभर 'भिऊ नको'ंपेक्षा मोलाचे आहे.

हे मी केवळ अनुभवावरून म्हणत नाही. २०११ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये महापूर आला. त्या वेळी तिथल्या काही गर्भवतींना सुरुवातीपासून प्रसूतीनंतरपर्यंत एकच ओळखीची सुईण सांभाळत होती, तर इतरांना नेहमीच्या पद्धतीने दर वेळी जी असेल ती. पुराने दोन्हीकडे हाल केले. पण जिच्यापाशी तेच ओळखीचे माणूस पुन्हा पुन्हा येत होते, तिच्या बाळंतपणानंतरच्या मनःस्थितीवर त्या हालांचा परिणाम कमी झाला.

नातीची झोप सलग उडाली असेल, खाणे सुटले असेल, रडणे दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल, किंवा जगणे नकोसे वाटते असे ती बोलली असेल, तर मात्र प्रेमळ सोबत पुरेशी नाही. प्रसूतितज्ज्ञांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घ्यावी. आधीपासून मनाचे एखादे औषध चालू असेल, तर बाळाच्या भीतीने ते परस्पर बंद करू नये. डॉक्टर गरोदरपणात चालणारे औषध निवडू शकतात. रात्रीबेरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आईला गप्प करायचे का, हा प्रश्न उरला. करू नये, आणि त्या होणारही नाहीत. पण त्यांना हकिकत अर्ध्यावर तोडू देऊ नका. पत्राच्या दुसऱ्या पानावर, समासात, एक ओळ आहे. भूकंपानंतर थोरल्या जाऊबाई आपले घर सोडून आईंसोबत खोपीत राहिल्या, आणि बाळंतपण होईपर्यंत रात्री त्यांच्या उशाशीच झोपल्या. आई भिंत पडल्याचे रोज सांगतात. जाऊबाईंचे कधी सांगतात का? आज संध्याकाळी फोन लागला की 'भिऊ नको'च्या ऐवजी आईंनी नातीला ते सांगावे. जाऊबाई रात्री काय बोलायच्या, थंडीत पांघरायला काय होते, पेज कोण करून आणायचे, सगळे. पत्रात जाऊबाईंचे नाव लिहायचे राहून गेले आहे, ते पुढच्या पत्रात आईंना विचारून कळवावे.